नंबर गेला, म्हणून पेशंटही जावा?

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एका दवाखान्याच्या दारावरच्या पाटीचा फोटो फिरला. ‘दिलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांनी येणाऱ्या पेशंटला तपासले जाणार नाही. पुन्हा नंबर लावल्यास फी पुन्हा भरावी लागेल. वाद घालू नये.’ शेवटची ओळ लाल रंगात. झालं, दोन दिवस दुसरा विषय नाही. एका बाजूने मास्तर, मेडिकलवाले आणि दोन-चार डॉक्टर: ‘आपल्या लोकांना वेळेची किंमतच नाही, असंच पाहिजे.’ दुसऱ्या बाजूने बाकी सगळे: ‘आधी डॉक्टरला वेळेवर यायला सांगा, मग पाट्या लावा.’ कोणीतरी जपानच्या रेल्वेचा व्हिडिओ टाकला. त्याला उत्तर म्हणून कोणीतरी डॉक्टरांच्या गाड्यांच्या किमती टाकल्या. पाटीत नेमकं काय लिहिलंय आणि त्याने नेमकं कोणाचं काय होणार, यावर मात्र अडीचशे मेसेजमध्ये एकही वाक्य मला सापडलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सवयीने उशिरा येणाऱ्या पेशंटला त्याची किंमत मोजायला लावलीच पाहिजे, त्यात भिडभाड नको. पण ती किंमत रांगेतल्या जागेची असावी. उपचाराची नसावी, आणि पैशाची तर मुळीच नसावी. शिवाय ज्या दवाखान्याला ती वसूल करायची आहे, त्याने आधी स्वतःचं घड्याळ भिंतीवर लावावं. त्या पाटीत १५ मिनिटं चुकलेली नाहीत, ‘तपासले जाणार नाही’ हे तीन शब्द चुकलेत.

हे मी काठावर बसून बोलत नाही. डॉक्टर असलेल्या मामेभावाच्या दवाखान्यात मी नऊ वर्षं नंबर लावायच्या टेबलावर होतो. दोनशे पानी वही; डावीकडून नंबर, नाव, गाव, सांगितलेली वेळ. शेवटी मी स्वतःच एक पाचवा रकाना आखला होता आणि त्यात पेन्सिलने आल्याची वेळ टिपायचो. कोणी मागितलेला नव्हता तो. खरं तर कोण किती उशिरा येतं हे डॉक्टरांना पुराव्यानिशी दाखवावं, असा माझा खवचट हेतू होता. पहिल्या वर्षी मीही त्या लाल ओळीच्याच पक्षाचा होतो. माझं मत फिरवलं ते त्याच रकान्याने.

आधी पाटी लावणाऱ्याची बाजू, कारण ती ग्रुपवर समजली गेली तेवढी कच्ची नाही. डायलिसिसची पाळी साधारण चार तासांची असते. एक जण तासभर उशिरा आला तर एक तर त्याचं रक्त कमी वेळ धुतलं जातं, नाहीतर पुढच्या पाळीतला माणूस खुर्चीत अवघडून बसतो. दाताच्या डॉक्टरने हत्यारं निर्जंतुक करून ट्रेमध्ये मांडून ठेवलेली असतात. उपाशीपोटी साखर तपासायची म्हणून रात्रीपासून न जेवलेली म्हातारी बाकड्यावर बसून असते आणि तिच्या आधीचा नंबर अजून बसमध्ये असतो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे उशिराची शिक्षा उशीर करणाऱ्याला कधीच होत नाही, ती मागच्याला होते. आमच्याकडे साडेतीनची एसटी चुकली की वरच्या गावांना जायला थेट साडेसहाची मुक्कामी. कारने येणारा एक जण चाळीस मिनिटं उशिरा आला आणि थेट आत गेला, की त्याच्यामागे बसलेल्या बाईची साडेतीनची जाते. घरी लहान पोर, गोठ्यात म्हैस. ‘नियम केले की गरिबांवर अन्याय होतो’ म्हणणाऱ्यांनी ही बाई पाहिलेली नाही. नियम नसला की पहिली मरते ती हीच. तेव्हा नियम हवा, इथपर्यंत मी पाटीवाल्याच्या सोबत आहे.

प्रश्न पुढचा आहे. ‘सवयीने उशिरा येणारा’ म्हणजे कोण? वहीत मला तीन माणसं दिसली, आणि तिन्हींच्या नावापुढे पेन्सिलीने सारखाच उशीर लिहिलेला होता.

पहिले एक आप्पा, अनेर नदीच्या बाजूच्या एका खेड्यातले. साखर आणि ब्लड प्रेशर. दर महिन्याला मी त्यांना दहाची वेळ द्यायचो आणि दर महिन्याला ते पावणेबारा वाजता, टोपी हातात घेऊन, आधीच ओशाळलेले दारात उभे. ‘काय करू भो, यष्टीच उनी नही.’ एसटीच आली नाही, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचा अर्थ माझ्या कानात शिरणंच बंद झालं होतं. एकदा सहज विचारलं, गाडी येते कधी? तर त्यांच्या फाट्यावर सकाळची गाडीच साडेदहाला यायची. म्हणजे दहाला पोचणं त्यांना कोणत्याही दिवशी शक्य नव्हतं. वर्षभर मी त्यांना अशक्य वेळ देत होतो आणि ते वर्षभर माझी माफी मागत होते. त्यांनी का नाही सांगितलं? ‘साहेबांनी दिलेली वेळ’ बदलून मागायची असते, हे त्यांना कधी कोणी सांगितलंच नव्हतं. वहीत बाराची वेळ लिहिली आणि आप्पा पावणेबाराला येऊन बसू लागले. वक्तशीर झाले म्हणायचं, तर ते आधीही पावणेबारालाच येत होते.

दुसरे दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवरचे एक दुकानदार. ते आधी फोन करायचे: ‘साहेब बसले का? किती नंबर झाले?’ मग हिशोब करून निघायचे, आणि हिशोब चुकला की उशिरा पोचायचे. मला त्यांचा राग यायचा. पण पाचव्या रकान्याशेजारी मी ‘आत गेल्याची वेळ’ही लिहू लागलो तेव्हा दिसलं, की पहिल्या तीन खेपांना हा माणूस अगदी वेळेवर आला होता आणि तिन्ही वेळा दीड-दोन तास बसला होता. चौथ्यापासून तो शहाणा झाला. त्याला ती सवय आम्ही लावली होती.

तिसरे मात्र खरोखरचे. नोकरी होती, मोटारसायकल होती, घर जवळ, वेळ त्यांनीच मागून घेतलेली, आणि तरी प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास उशीर, वर ‘दोनच मिनिटांचं काम आहे’ म्हणून आत घुसायची घाई. हे गृहस्थ मुलीच्या हळदीलाही उशिरा पोचल्याचं त्यांच्याच बायकोने मला सांगितलं होतं. यांच्याबद्दल माझ्या मनात कसलीही दयामाया नाही. पण पाटी लिहिणाऱ्याने आप्पा, दुकानदार आणि हे गृहस्थ एकाच पंधरा मिनिटांत कोंबले, त्याचं काय?

आमच्या भागात आप्पांचीच संख्या जास्त. शेतीची लाइट आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते. रात्रभर केळीला पाणी भरलेला माणूस सकाळी नऊला घड्याळ लावून निघेल ही अपेक्षा करायला हरकत नाही, पण ती पुरी झाली नाही तर त्याला आळशी म्हणायला हरकत आहे. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या वस्तीतली बाई पाण्याच्या दिवशी पहिला हंडा भरल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही. काळी-पिवळी जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि ती कधी भरेल हे ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. २०२१च्या ऑक्टोबरअखेरीस एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. त्या पाच-सहा महिन्यांची वही पाहिली तर अख्खा तालुकाच ‘सवयीने उशिरा येणारा’ ठरतो. आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांबद्दल तर बोलायलाच नको. जिथून पेशंटला बांबूच्या झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं, जिथे नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या गावांसाठी सरकारलाच तरंगता दवाखाना काढावा लागला, तिथे कोण कोणाकडे उशिरा पोचलं?

‘लोकांना वेळेची किंमत नाही’ हा आरोप नवा नाही. १ जानेवारी १९०६ रोजी सरकारने सबंध देशाला एकच प्रमाणवेळ लावली तेव्हा मुंबईचं स्थानिक घड्याळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होतं. त्याच महिन्यात मुंबईतले गिरणी कामगार खवळले, कारण सूर्य तिथेच आणि भोंगा मात्र ३९ मिनिटं आधी. मुंबई महापालिकेने तर आपली जुनी मुंबई वेळ थेट १९५०च्या सुमारापर्यंत जपली. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षं त्या शहरात ‘दहा वाजता या’ म्हटलं तर ‘कोणत्या दहा वाजता?’ असं विचारणं हा वेडेपणा नव्हता. भोंग्याला दर दिवशी हजर राहणाऱ्या त्या कामगारांना वेळेची जाण नव्हती, असं कोण म्हणेल? त्यांचं भांडण वेळ कोणी ठरवायची यावर होतं. आमच्या आप्पांचं भांडणही तेच आहे, फक्त ते भांडत नाहीत, टोपी हातात घेतात.

आता पैशाचं. ‘फी पुन्हा भरावी लागेल’ ही ओळ पुष्कळांना रास्त वाटते: दंड बसला की माणूस सुधारतो. सुधारतो का? इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांवर एक प्रयोग झाला होता, तो २००० साली प्रसिद्ध झाला. पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे, म्हणून त्यातल्या सहा पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी झाला नाही, वाढला; जवळपास दुप्पट झाला. आणि दंड काढून घेतल्यावरही पूर्ववत झाला नाही. का? कारण दंडाआधी उशिरा येणाऱ्याला बाईंसमोर शरम वाटायची. दंडानंतर उशीर ही विकत घ्यायची वस्तू झाली, पैसे टाकले की हिशोब मिटला. आमच्या तिसऱ्या गृहस्थांना दोनशे रुपये दंड लावला असता तर ते दर महिन्याला खिशात दोनशे रुपये सुटे घेऊन उशिरा आले असते, आणि वर पावती मागितली असती. आप्पांनी मात्र त्या दोनशेच्या भीतीने दवाखानाच सोडला असता. पैशाचा दंड ज्याला बसायला हवा त्याला बसत नाही आणि ज्याला नको त्याचं कंबरडं मोडतो. तरी तो न्याय म्हणून मिरवतो.

दुसऱ्या पक्षाचा मुद्दा, ‘आधी डॉक्टरला वेळेवर यायला सांगा’, हा खरा आहे, पण तोही अर्धाच. डॉक्टर उशिरा येतो तेव्हा नेहमीच तो चहा पीत बसलेला नसतो. पहाटे अडलेली बाळंतीण येते, हायवेवरचा अपघात येतो, आयसीयूतला म्हातारा अचानक बिघडतो. हे कोणी नाकारू नये. माझी तक्रार वेगळी आहे. डॉक्टरचा उशीर हा ‘इमर्जन्सी’ आणि पेशंटचा उशीर ही ‘सवय’, असे दोन शब्द आपण का ठेवलेत? बाळंतिणीमुळे डॉक्टर पाऊण तास उशिरा आला हे बाहेर बसलेल्या चाळीस जणांना सांगितलं तर त्यातला एकही जण कुरकुरत नाही, हे मी शंभर वेळा पाहिलंय. कुरकुर होते ती न सांगितल्याची. आणि काही उशीर तर कोणाच्याच अडचणीचा नसतो, तो निव्वळ गबाळ्या आखणीचा असतो. आमच्याकडे सगळ्यांना ‘सकाळी दहाला या’ सांगायची पद्धत. म्हणजे चाळीस माणसं दहाला बोलावून चाळिसाव्याला दोन वाजता तपासायचं. इंग्लंडमधली हॉस्पिटलंही एकेकाळी असंच करत. १९५२ साली तिथे या रांगांचा गणिताने अभ्यास झाला आणि त्यातून निघालेला सल्ला इतका साधा होता की हसू यावं: सुरुवातीला दोघांना बोलवा, आणि पुढे सरासरी एका पेशंटला जितका वेळ लागतो तितक्या अंतराने एकेकाला. पहिले दोघं का, तर एक जण उशिरा आला तरी डॉक्टर रिकामा बसू नये. म्हणजे उशीर होणारच हे धरूनच ती आखणी केली होती. सत्तर वर्षं होऊन गेली. आमच्या तालुक्यात अजून सगळे दहालाच.

‘तपासले जाणार नाही’ या तीन शब्दांकडे आता येतो. वैद्यकीय आचारसंहितेचे २००२ सालचे नियम सांगतात की तातडीची वेळ सोडली तर कोणाला पेशंट म्हणून घ्यायचं हे डॉक्टर ठरवू शकतो. पण मनमानी करून उपचार नाकारता येत नाहीत, आणि एकदा पेशंट हाती घेतला की त्याच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही, त्याला व घरच्यांना पुरेशी पूर्वसूचना दिल्याशिवाय अंग काढून घेता येत नाही. दारावरची लाल ओळ म्हणजे पुरेशी पूर्वसूचना का? मला नाही वाटत. पण कायदा बाजूला ठेवा. उशिरा आलेल्याला परत पाठवलं की तो पुढच्या वेळी वेळेवर येतो, हे गृहीतच तपासून पाहा. साखरेचा पेशंट परत गेला की गोळ्या संपेपर्यंत येत नाही, आणि गोळ्या संपल्यावरही येत नाही. येतो तो पायाला जखम चिघळल्यावर, आणि तेव्हा वेळ न घेता येतो. क्षयरोगाच्या बाबतीत डॉक्टरमंडळींना हे फार पूर्वी कळलं. १९५०च्या दशकात समजूत अशी होती की गरीब, अडाणी क्षयरोगी घरी ठेवून बरा होणार नाही, त्याला क्षयरोग्यांच्या इस्पितळात, सॅनिटोरियममध्येच डांबला पाहिजे. मद्रासला रीतसर अभ्यास झाला, १९५९ साली त्याचे निष्कर्ष आले: घरी राहून औषध घेणारेही जवळपास तितकेच बरे झाले. गरिबाच्या शिस्तीबद्दलची खात्री खोटी निघाली, कारण त्याच्या घरी जाऊन गोळ्यांची चौकशी करणारी आणि चुकला तर शोधत येणारी व्यवस्था त्याच्यामागे उभी केली होती. पुढे कितीतरी वर्षं औषध सोडणाऱ्याला ‘डिफॉल्टर’ म्हणत, जणू बँकेचं कर्ज बुडवलं. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द काढून टाकला आणि ‘पाठपुराव्यातून सुटलेला’ अशा अर्थाचा शब्द आणला. नुसता शब्दच बदलला, असं कोणी म्हणेल. पण ‘बुडवला’ आणि ‘सुटला’ यांत कोणी कोणाला शोधायला जायचं हे बदलतं.

मग करायचं काय? आमच्या भागात एक जुनी रीत आहे आणि ती मला कोणत्याही पाटीपेक्षा शहाणी वाटते. ‘नंबर गेला’ की दोन पेशंट सोडून आत. उशीर फार असेल तर सगळ्यात शेवटी. भांडण नाही, दंड नाही, उपदेश नाही. जागा गेली, बाकी सगळं शाबूत. साडेतीनच्या गाडीची बाई वेळेवर सुटते, उशिरा आलेला बसून राहतो, आणि बसण्याचा कंटाळा हा दोनशे रुपयांपेक्षा फार चांगला मास्तर आहे. यात मी एवढीच भर घालेन: वेळ देताना ‘कोणत्या गावाहून येता आणि गाडी कधी आहे’ हे दोन प्रश्न विचारायचे. तीन वेळा लागोपाठ उशीर झाला की रागवायच्या आधी कारण विचारायचं. गाडीचं किंवा पाण्याचं कारण निघालं तर वेळ बदलायची. काहीच निघालं नाही तर त्या गृहस्थांना कायमचा शेवटचा नंबर, आणि तसं तोंडावर सांगायचं. तिसऱ्या गृहस्थांना मी हेच केलं. पहिल्यांदा ते चिडले, दुसऱ्यांदा त्यांनी नगरसेवकाचा फोन आणला.

आणि इथे खरी गोम आहे. ग्रुपवर कोणीच न काढलेला विषय म्हणजे ओळखीचा उशीर. बाकड्यावर बसलेल्या माणसाला अनोळखी पेशंटच्या उशिराचा राग येत नाही. त्याला राग येतो तो उशिरा येऊन, ‘साहेबांचे पाहुणे’ म्हणून, सगळ्यांच्या गुडघ्यांवरून पाय टाकत आत जाणाऱ्याचा. मग औषध कंपन्यांच्या एमआरच्या बॅगा, मग पतसंस्थेचे चेअरमन, मग त्यांचे मेहुणे. ती १५ मिनिटांची पाटी चेअरमनच्या मेहुण्याला एकदा तरी लागू झाली असेल का? झाली असेल तर मी माझे सगळे शब्द मागे घ्यायला तयार आहे. नसेल, तर ती पाटी उशिराविरुद्ध नाही, ओळख नसण्याविरुद्ध आहे.

‘एवढं सगळं कोण करत बसणार?’ हा शेवटचा आक्षेप मामेभावानेच घेतला होता. मी म्हटलं, तुम्ही काही करू नका, दारात एक काळा फळा लावा. त्यावर मी रोज दोन ओळी लिहीन. ‘डॉक्टर येण्याची वेळ १०. आज आले —.’ तो हसला आणि म्हणाला, लाव. दुसऱ्या दिवशी तो दहा वीसला आला आणि मी त्याच्यासमोर दहा वीस लिहिलं. बाकड्यावरच्या जिभाऊंनी मान वळवून ते वाचलं, कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी ‘बाळंतपण होतं, १०.५०’ असं लिहिलं, तेव्हा एका बाईने आत जाता जाता ‘मुलगा झाला का मुलगी?’ विचारलं. त्या आठवड्यात ‘साहेब बसले का’ असे फोन कमी झाले, आणि दुकानदार एकदा चक्क नंबरच्या पाच मिनिटं आधी येऊन फळ्यासमोर उभे राहून घड्याळाशी ताळा करत होते. फळा तीन आठवडे टिकला. मग आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुट्टीनंतर दवाखाना उघडला तेव्हा खडू संपलेला होता, आणि तो आणायचं मामेभाऊ विसरला, मीही विसरलो.